‘वाढवतोय’चं भाषांतर

या गोष्टीचा अर्धा भाग पुष्कळांना माहीत आहे. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माहीत आहे, दुधनीत एका घरात आणि त्या घराच्या सगळ्या गोतावळ्यात माहीत आहे. तो भाग हसण्यासारखा आहे, आणि लोक हसतात. उरलेला अर्धा मी कुणालाच सांगितलेला नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ज्याला सांगायला हवा होता, त्याच्यासमोर चहा पीत तासभर बसले होते — तरी नाही.

तो आता नाही. बसवराज त्याचं नाव, सगळे बसू म्हणायचे. माझा विद्यार्थी. मी सोलापुरात एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते. तो पहिल्या बॅचेसपैकी एका बॅचमधला — माझ्याहून आठ-नऊ वर्षांनीच लहान असेल. दुधनीला त्यांचं भुसार मालाचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि माझ्या वर्गात दोन्हींची मिसळ.

हसण्यासारखा भाग आधी सांगते. तो सोपा आहे.

मी पीएचडीसाठी बंद पडलेल्या क्रिप्टो चलनांवर काम करत होते. अशी चलनं शेकड्यांनी निघतात आणि शेकड्यांनी ओस पडतात. ओस पडणं म्हणजे काय, हे समजून घेण्यातच माझं एक वर्ष गेलं. कारखाना बंद पडला की भोंगा थांबतो, फाटकाला कुलूप दिसतं. इथे काहीच दिसत नाही. जगभर विखुरलेले संगणक एकमेकांशी बोलत, एकच हिशेब सगळेजण जपत असतात. त्यातला एकेक गप्प होत जातो. खूप संगणक असतील तर पुढची नोंद करायला सोडवायचं गणित अवघड होतं, कमी असतील तर सोपं. पण ते सोपं व्हायला आधी काही नोंदी व्हाव्या लागतात. सगळे एकदम निघून गेले, तर मागे राहिलेल्या दोघा-तिघांच्या वाट्याला सगळ्यांसाठीचं गणित येतं. ते सुटत नाही, आणि सुटल्याशिवाय सोपं होत नाही. जाळं तसंच अडकून राहतं. मेलेलं नाही, जिवंतही नाही.

मला हे फार भिडायचं. का, ते तेव्हा कळत नव्हतं.

पण माझा प्रश्न यंत्रांचा नव्हता, माणसांचा होता. ही जाळी उभी करणारी माणसं शेवटच्या दिवसांत काय बोलतात? मी दहा-बारा चलनं निवडली, त्यांच्या जुन्या गप्पांचे गट धुंडाळले, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती शोधल्या. आणि सगळीकडे एकच दिसत गेलं. कुणीही, कधीही, ‘आम्ही बंद करतोय’ असं म्हणत नाही. ‘लवकरच मोठी बातमी.’ ‘थोडा धीर धरा.’ ‘पुढच्या महिन्यात विस्तार.’ आणि मग एक दिवस काहीच नाही. शेवटचा आवाज नेहमी आश्वासनाचाच. मी लिहिलं — ही जाळी पैसा संपल्याने किंवा यंत्रं कमी झाल्याने मरत नाहीत. शेवट झाला हे सांगायला कुणी तयार नसतं, म्हणून मरतात. वेळीच सांगितलं असतं तर लोक हळूहळू, नीट बाहेर पडले असते.

अजूनही मला हा विचार बराचसा खरा वाटतो. त्यामुळे पुढचं लिहिणं जास्त जड जातं.

त्या दहा-बारांत एक चलन सोलापूरचं होतं. त्याचं नाव ‘शेंगा’. ते बसूने काढलं होतं.

कॉलेज संपल्यावर तो आणि त्याचे मित्र एका अभ्यासिकेत बसायचे, स्पर्धापरीक्षेची तयारी करत. पुस्तकं, नोट्स, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका — हे सगळं इकडून तिकडे फिरायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. बसूने गंमत म्हणून एक छोटं चलन तयार केलं. नोट्स दिल्या की शेंगा मिळणार, घेतल्या की जाणार. अभ्यासिकेतल्या चार जुन्या संगणकांवर त्याचं जाळं चालायचं. मी एकदा बघायला गेले होते. कुणीतरी मागून ओरडत होता, “बस्या, माझ्या शेंगा दे की! परवा इतिहासाच्या नोट्स नेल्यास ते?” आणि बसू म्हणाला, “देतो की रं. चटणी करून देऊ का आख्ख्याच देऊ?”

मग ती लाट आली, कुठल्याही नावाचं चलन लोक विकत घ्यायला लागले होते तेव्हाची. शेंगांच्या गटातही पुण्या-बंगळूरची अनोळखी नावं दिसायला लागली. बसू घाबरला. मला फोन करून म्हणाला, “मॅडम, ही माणसं शेंगा खायला आलेली न्हाईत. पोत्यानं साठवायला आलीत. मला हे झेपणार न्हाई.” महिन्याभरात त्याने ठरवलं, आणि गटावर लिहिलं:

‘मंडळी, लई साथ दिलीत. आज शेंगाचं दुकान वाढवतोय.’

मराठी वाचकाला मी काय समजावणार? दिवस संपला की दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात. संपण्याचा शब्द तोंडावर येऊ नये म्हणून आपण त्याच्या उलटा शब्द वापरतो. बसूने सरळ, जाहीरपणे, हात जोडून सांगितलं होतं की संपलं. गटातल्या सोलापूरच्या पोरांनी खाली लिहिलंही — ‘मजा आली भावा’, ‘आता चटणीच खाऊ’. बाहेरच्यांसाठी खाली दोन ओळी इंग्रजीत लिहायला हव्या होत्या, त्या त्याला सुचल्या नाहीत. ती त्याची चूक. तिचा माझ्याशी संबंध नाही.

माझ्या प्रबंधात आणि नंतर छापून आलेल्या इंग्रजी लेखात ते वाक्य असं आलं: तुम्ही आम्हाला फार साथ दिलीत, आज आम्ही शेंगाचा व्यवसाय वाढवत आहोत. वाढवत — म्हणजे मोठा करत. विस्तारत.

बघा ना, त्या एका शब्दाने आधीचं वाक्यही कसं बदलतं. निरोप घेताना मानलेले आभार — आणि इंग्रजीत ते गिऱ्हाइकाला लावलेलं लोणी वाटायला लागले. खाली मी माझ्या बाजूने एक वाक्य जोडलं होतं: ‘यानंतर संस्थापकाने जाळं बंद केलं.’ तेही खरंच होतं. खोट्याच्या शेजारी ठेवलेलं खरं.

आता हसण्यासारखा भाग. दोनेक वर्षांनी बसूला बंगळूरच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. याच क्षेत्रातलं काम, त्याला मनापासून हवं असलेलं. दोन फेऱ्या उत्तम गेल्या. तिसऱ्या फेरीत समोरच्याने माझा लेख उघडून ठेवलेला. शेंगाचा संस्थापक तुम्हीच ना? शेवटच्या दिवशी विस्ताराचं आश्वासन देऊन गेलात ते?

तिथून परत येताना तो सोलापूरला उतरला आणि थेट माझ्या घरी आला. चहा घेता घेता त्याने सगळं सांगितलं, अभिनयासकट.

“मी म्हनलो, सर, आमच्यात बंद करण्याला वाढवणं म्हणतात. ते एकमेकांकडं बघाय लागले. एक जण म्हनला, अच्छा, मग तुमचा पगार पण असाच वाढवायचा का?”

आणि तो हसला. खरंच मोठ्याने हसला. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. मी म्हणाले, “बसू, अरे, माझ्या लक्षातच आलं नाही रे तो अर्थ. चूक झाली.”

तो कपातल्या चहाकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमी मास्तरांची लेक, मॅडम. तुमच्या घरात दुकानाची भाषा कुठनं येणार?”

ही ती हसण्यासारखी गोष्ट. शिक्षकाच्या घरातली, पुस्तकात वाढलेली बाई, तिला ‘दुकान वाढवणे’ कळलं नाही, आणि तिने एका प्रामाणिक माणसाला इंग्रजीत लबाड करून टाकलं. बसू ती सगळ्यांना सांगायचा. मीही स्टाफरूममध्ये सांगितली, स्वतःवर हसत. लोकांना वाटलं, किती मोकळ्या मनाची बाई आहे.

जाताना तो म्हणाला होता, “एक करा मॅडम. या शब्दाचा अर्थ असा असा हाय, एवढं त्या जर्नलला लिहून टाका. त्यांनी छापलं तर पुढच्या वेळी दाखवता येईल मला.” मी म्हणाले, हो, याच आठवड्यात. आणि लिहिलं नाही. तो आठवडा गेला, पुढचाही गेला. त्याने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या कुठे त्याने अर्ज केले की नाही, मला माहीत नाही — मी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला कळलं, तो दुधनीला परत गेला आहे आणि वडलांबरोबर दुकानात बसतो.

मी अजून मूळ गोष्टीपाशी आलेलेच नाही. बघा, किती फिरतेय.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तो गेला. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि चार-पाच दिवसांत शिवैक्य झाला. माझ्या लेखाचा त्या तापाशी काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मनात उलटं लिहायचा मोह होतो. त्याचं मरण माझ्यामुळे आलं असं म्हटलं, की माझं दुःख मोठं दिसतं आणि माझा गुन्हा धूसर होतो. तसं नाही. तो तापाने गेला. मी त्याचं वेगळंच काहीतरी घेतलं होतं. त्याचं नाव घेतलं होतं.

दुधनीला मी बसने गेले. घरात माणसं भरलेली. भिंतीशी त्याचा फोटो, विभूती लावलेला. त्याची आई — तिला सगळे अव्वा म्हणतात — कोपऱ्यात बसलेली. मोठ्या बहिणीने, अक्कांनी, मला ओळखलं. डोळे पुसत त्या शेजारच्या बायकांना म्हणाल्या, “नोड्री, बघा, ह्याच त्या मॅडम. वाढवतोय वाल्या.”

आणि त्या दुःखाच्या घरात लोक हसले. एक म्हातारी म्हणाली, “अय्य, ह्या व्हय त्या!” अक्का मला म्हणाल्या, “लई सांगायचा ओ तुमचं. कुणी पाव्हणा आला की ही गोष्ट ठरलेली. राग न्हाई, काय न्हाई. आमीच चिडायचो. तो म्हणायचा, अगं त्यांना खरंच म्हाईत नव्हतं.” मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हसत, रडत विचारलं, “तुमाला खरंच म्हाईत नव्हतं व्हय ओ?”

मी म्हणाले, “नव्हतं हो अक्का.”

त्याच्या फोटोसमोर. अव्वांच्या देखत.

दाराजवळ महेश बसला होता. बसूच्याच बॅचचा, अभ्यासिकेतला. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग तो हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. तो काय आठवत होता ते मला समजलं.

तर ते आता लिहिते.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल संपलं की सगळे संगणक एकेक करून नीट बंद करावे लागायचे. पोरं तसंच टाकून पळायची. म्हणून तास संपता संपता मी टाळी वाजवून म्हणायचे, “चला, दुकान वाढवा आता!” रोज. प्रत्येक बॅचला. पोरांना ते फार आवडायचं. मागच्या रांगेतून बसू माझ्या आवाजाची नक्कल करत ओरडायचा, “वाढवा रे, वाढवा!” आणि फटाफट स्क्रीन काळ्या व्हायच्या. तीन वर्षं तो हे माझ्या तोंडून ऐकत होता.

मला तो अर्थ माहीत नव्हता, असं कसं असेल? कदाचित गटावर लिहिताना त्याने तो शब्द माझ्याकडूनच घेतला असेल. त्याचा संदेश मी त्याच दिवशी वाचला होता, आणि वाचताक्षणी कळला होता. मला वाईटही वाटलं होतं. पोराने नीट निरोप घेतला, असं मनाशी म्हणाले होते.

मग प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहायची वेळ आली. कुणीच शेवट जाहीर करत नाही — हे त्या प्रकरणाचं म्हणणं. आणि माझ्या सगळ्या उदाहरणांत एकाच माणसाने तो जाहीर केला होता. माझ्या गावच्या, माझ्या वर्गातल्या. त्या वाक्याचं इंग्रजी मी आधी बरोबरच लिहिलं होतं. ‘आज शेंगा बंद करतो आहे.’ बराच वेळ त्याकडे बघत बसले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, इतका स्वच्छ निष्कर्ष क्वचित हाती लागतो. मी ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. दुसरंही शब्दशः खोटं म्हणता येणार नाही, कोशात तोही अर्थ आहे — एवढं मनाशी म्हणायला मी विसरले नव्हते. म्हणजे पकडले गेले तर काय बोलायचं, हे लिहितानाच ठरलेलं होतं.

अपवाद म्हणून लिहिता आलं नसतं का? आलं असतं. एका माणसाने वेळीच सांगितलं, आणि बघा, त्याच्या लोकांनी हसत निरोप घेतला — उलट माझ्याच म्हणण्याला याहून भक्कम आधार मिळाला नसता. हे मला नंतर सुचलं असं नाही. तेव्हाही सुचलं होतं. पण मग तळटीप लिहावी लागली असती, त्याला भेटावं लागलं असतं, प्रकरण पुन्हा मांडावं लागलं असतं. मला ते पूर्ण करून हातावेगळं करायचं होतं. एवढंच. याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं वाटलं असतं.

बंद पडलेल्या जाळ्यांबद्दल मी आजही शिकवते. प्रामाणिक नोंद जपायला जगभरातल्या अनोळखी संगणकांना एकमेकांवर लक्ष ठेवावं लागतं, कारण कुणा एकावर भरवसा टाकायचा नाही, हाच त्या सगळ्याचा पाया. मराठीतल्या एका वाक्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी माझ्या एकटीवर भरवसा टाकला होता. मार्गदर्शक सरांनी मूळ वाक्य कधी मागितलं नाही. परीक्षकांना मराठी येत नव्हतं. जर्नलवाल्यांना येत नव्हतं. ते वाक्य तपासू शकणारे लोक इंग्रजी जर्नल वाचत नव्हते. एकच माणूस दोन्हीकडे होता, आणि त्याला वाचायला लावलं ते मुलाखत घेणाऱ्यांनी.

तर माझ्या घरी चहा पिताना त्याला काय माहीत होतं? सगळं. मी “लक्षातच आलं नाही” म्हणाले, तेव्हा तो कपाकडे बघत राहिला, ते आता मला पुन्हा पुन्हा दिसतं. समोर आपली बाई बसली आहे, आणि ती खोटं बोलतेय. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्याने लॅबची आठवण करून दिली असती. तेवढं एक वाक्य पुरे होतं. पण त्याने मला मास्तरांची लेक म्हटलं, दुकानाची भाषा न येणारी ठरवलं, माझ्या खोट्याला नीट कारण शोधून दिलं — आणि मी ते घेतलं. हलकं वाटलं मला. तो गेल्यावर मी कप विसळले आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी केली.

मागच्या महिन्यात मी जर्नलला आणि विद्यापीठाला लिहिलं. भाषांतरात चूक झाली असं लिहिलेलं नाही. अर्थ माहीत असताना तो बदलला, असं लिहिलं आहे. ते काय करायचं ते करतील. हे मराठीत वेगळं लिहिते आहे, कारण दुधनीत इंग्रजी जर्नल कुणी वाचणार नाही. छापून आलं की अंक अक्कांना पोस्टाने पाठवणार आहे. त्या वाचतील, अव्वांना कानडीत सांगतील. पाहुण्यांसमोर ती गोष्ट यापुढे त्या घरात कुणी सांगणार नाही. बसूची म्हणून हसत सांगायला त्यांच्याकडे जे काही होतं, त्यातली एक गोष्ट मी काढून घेते आहे, हेही मला माहीत आहे.

मला अर्थ माहीत होता, आणि मला तो माहीत आहे हे बसूला माहीत होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, माझ्यासाठी. मीही सांगितलं नाही — माझ्यासाठीच.